किमान एक चित्र

“दोन्ही गेलेत,” फोन खाली ठेवत मुजावरचाचा म्हणाले. “एक गेला असता तर रेटलं असतं. मनोऱ्यावर चढणारी माणसं साताऱ्याहून यायला चार दिवस लागणार. तोवर मनोरा अंधारात ठेवायचा नाही म्हणतात. आज दिवस मावळायच्या आत कुणीतरी चढायला पाहिजे.”

खोलीत आम्ही चौघे होतो. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

१९८६ चा डिसेंबर होता. पाटणच्या वरच्या अंगाला एका डोंगरमाथ्यावर टेलिफोनचं मायक्रोवेव्ह केंद्र होतं. म्हणजे साठ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा, यंत्रांची एक खोली, जनरेटरची शेड आणि आम्हाला राहायला दोन खोल्या. मनोऱ्याच्या टोकाला दोन लाल दिवे असत, विमानांना मनोरा दिसावा म्हणून. आदल्या संध्याकाळी ते लागलेच नाहीत. सकाळी फ्यूज बघून झाले, तारा तपासून झाल्या. दिवेच गेले होते.

मुजावरचाचा केंद्राचे प्रमुख. वय छप्पन्न, गुडघे कामातून गेलेले. बिरू ढेबे जनरेटर सांभाळायचा. तो खालच्याच धनगरवाड्यावरचा, रोजंदारीवर होता. उरलो आम्ही दोघे तंत्रज्ञ, हिंदुराव काशीद आणि मी. काशीद तेहतीस वर्षांचा, कोरेगावकडचा. मी सव्वीस वर्षांचा, पुण्याचा. संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो.

“म्या जातो की,” बिरू म्हणाला. “कड्यावरनं मध काढतोय आमी.”

“तू गप,” चाचा म्हणाले. “तुझं नाव कुठल्या कागदावर आहे का? तुला काही झालं तर तुझ्या घरी कुणी विचारायलासुद्धा जाणार नाही.”

मग चाचांनी काशीदकडे पाहिलं. काशीदने दाढीवरून हात फिरवला. चार महिन्यांची दाढी होती ती. बायको गरोदर असली की त्यांच्याकडे नवरा केसाला कात्री लावत नाही.

“चाचा, मला नेहमीच चढायला आवडतं, तुम्हाला माहीत आहे,” तो म्हणाला. “पण शालनला शब्द दिलाय. ती बाळंत होईपर्यंत चढायचं नाही. पोटातल्या पोराची शपथ घातलीय तिनं.”

दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या एका केंद्रावर मनोऱ्यावरून माणूस पडून गेला होता. ती बातमी काशीदच्या गावापर्यंत पोचली होती. शपथ तेव्हाची.

आता तिघांनी माझ्याकडे पाहिलं. बायको नाही, पोर नाही, शपथ नाही. त्यांचा हिशेब सोपा होता.

मला उंचीची भीती वाटायची. थोडीथोडकी नाही, पर्वतीच्या पायऱ्या उतरतानासुद्धा मी भिंतीकडेने उतरायचो. नोकरीच्या अर्जात ‘उंचीवर काम करण्यास अडचण आहे काय?’ असा रकाना होता आणि मी तिथं ‘नाही’ लिहिलं होतं. दोन वर्षं ते निभावलं, कारण काशीद हौसेने चढायचा. आता खरं सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर मनोरा समोर उभा.

“आम्ही दोघंही तंत्रज्ञ आहोत,” मी म्हणालो. “नियमाने दोघंही सारखेच.”

माझाच आवाज मला आवडला नाही.

“बरोबर आहे,” चाचा म्हणाले. “आणि मी हुकूम देणार नाही. हुकमावर माणूस वर पाठवला आणि काही झालं, तर मला जन्मभर झोप लागायची नाही. पत्ते काढा.”

डोंगरावर सगळं पत्त्यांवरच ठरायचं. बाजाराला खाली कोण जाणार, गरम पाण्याने आधी कोण आंघोळ करणार, भांडी कोण घासणार. एकेक पत्ता ओढायचा, मोठा पत्ता ज्याचा तो सुटला. भांडण नाही, रुसवा नाही. पण त्यात शक्यता पन्नास टक्के पडते. मला पन्नास टक्के नको होते.

आता हे सांगायला हवं की मी पत्ते खेळत नसे. आमच्या घरी पत्त्यांना मज्जाव होता. माझी त्यांची गाठ पडली ती थेट पाठ्यपुस्तकात. नीट पिसलेल्या बावन्न पत्त्यांच्या संचातून दोन पत्ते काढले, तर किमान एक चित्र असण्याची संभाव्यता काढा. अशी शेकडो उदाहरणं मी सोडवली होती. दुपारी ते तिघं चटई टाकून डाव मांडायचे, तेव्हा मी मुद्दाम यंत्रांसमोरची ड्यूटी मागून घ्यायचो आणि तिथून त्यांची आरडाओरड ऐकत मनातल्या मनात त्यांची कीव करायचो. दहा-दहा वर्षं पत्ते खेळतात आणि पत्त्यांचं गणित येत नाही, असं मला वाटायचं.

नोंदवहीचा एक रद्द कागद टेबलावर पडला होता. मी तो उलटा केला आणि पाठच्या बाजूला भराभर आकडे मांडले. काशीद माझ्या मागे खिडकीशी उभा राहून मनोऱ्याकडे बघत होता. उत्तर आलं एकेचाळीस टक्के. मी कागदाची घडी करून खिशात टाकला.

“चाचा, मोठ्या-लहान पत्त्यात काही अर्थ नाही,” मी म्हणालो. “मी वेगळं सुचवतो. मी दोन पत्ते ओढतो. दोनांत एक जरी चित्र निघालं, राजा, राणी, गुलाम, कुठलंही, तर मी चढतो. एकही निघालं नाही तरच काशीद.”

ऐकायला ते उदार वाटत होतं. दोन पत्ते, त्यातलं एक जरी चित्र आलं तरी मी. पण शंभरातल्या एकोणसाठ वेळा काशीदच चढणार होता. गणित न येणाऱ्या माणसाला हे कळणार नाही, यावर माझी सगळी भिस्त होती.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “असं म्हणता?”

“हो.”

“विचार करून?”

“गणित करून.”

“दोन पानांत चितार यायचंच की वो साहेब,” बिरू म्हणाला.

मला हसू आलं, ते मी दाबलं. अनुभव आणि गणित यात हाच फरक, असं मनाशी म्हणालो. चाचा आणि बिरूने एकमेकांकडे बघितलं. काशीद खिडकीतून वळला होता. तो काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बोलला नाही.

चाचांनी कोनाड्यातून पत्ते काढले. तेलकट, कडा मऊ झालेले पत्ते होते. त्यांनी ते तीनदा पिसले आणि चटईवर अर्धवर्तुळात उपडे पसरले.

मी पहिला पत्ता ओढला. किलवरची अठ्ठी निघाली.

मला एकदम हलकं वाटलं. आता एकावन्न पत्त्यांत बारा चित्रं, म्हणजे तेवीस टक्के. चारातला एकसुद्धा नाही. काशीदच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, सांगता येत नाही.

दुसरा पत्ता चौकटचा गुलाम होता.

“झालं,” चाचा म्हणाले आणि खुंटीवरचा पट्टा काढायला उठले. केंद्रावर कमरेला बांधायचा सुरक्षा पट्टा एकच होता.

चार वाजता मी चढायला लागलो. गळ्यात कापडी पिशवी, तिच्यात चिंध्यांत गुंडाळलेले दोन दिवे. मनोऱ्याच्या आतून शिडी जाते. वीस मीटरवर एक फळी, चाळीसवर दुसरी. पहिल्या फळीपर्यंत मी पायऱ्या मोजत गेलो. दुसऱ्या फळीपर्यंत देवाचं नाव घेत गेलो. मी देव मानत नव्हतो, तरी घेत गेलो. त्यापुढे वारा सुरू झाला. लोखंड हातात थरथरत होतं. मी एकदा खाली बघितलं. जनरेटरची शेड काडेपेटीएवढी दिसली आणि माझे हात शिडीला चिकटले. वरही जाईनात, खालीही येईनात.

किती वेळ गेला ते ठाऊक नाही. मग खालून आवाज आला.

“निमकर, खाली बघू नका.”

काशीद होता. माझ्या पायाखाली दोन पायऱ्यांवर.

“तुमच्या टाचेला माझा हात लागतोय. कळतंय का?”

“हो.”

“तो हात तिथंच राहील. आता उजवा पाय.”

असे आम्ही वर गेलो. प्रत्येक पायरीला तो टाचेला हात लावायचा आणि मग मी पाय उचलायचो. टोकाच्या फळीवर पोचल्यावर मी पट्ट्याचा हूक लोखंडात अडकवला, डोळे मिटले आणि बसून राहिलो. काशीदने माझ्या गळ्यातली पिशवी काढून घेतली. त्याच्या कमरेला काही नव्हतं. डावा हात लोखंडाच्या पट्टीत अडकवून, पाठ वाऱ्याकडे करून त्याने उजव्या हाताने दोन्ही दिवे बदलले. मी डोळे उघडले तेव्हा त्याची दाढी वाऱ्याने एका बाजूला उडत होती.

“वहीत माझं नाव नको,” उतरायच्या आधी तो म्हणाला. “शालनच्या कानावर जाईल. तुमचंच लिहा.”

मी तसंच लिहिलं. ‘दोन्ही दिवे बदलले. निमकर.’ खाली चाचांनी सही केली. साडेसहाला दिवे लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशीद यंत्रांसमोर बसला होता. चाचांनी चटई टाकली आणि मला हाक मारली. “आज आमच्यात बसा. कालपासून तुम्ही आमच्यातले.”

मला नाही म्हणता आलं नाही. चाचांनी पाच-पाच पत्ते वाटले, हुकूम बोलला गेला, मग उरलेले पाच-पाच वाटले. माझ्या हातात दहा, बिरूच्या हातात दहा, चाचांच्या हातात दहा. चाचांचा वाटायचा हात रिकामा झाला.

“बाकीचे पत्ते?” मी विचारलं.

“कंचे बाकीचे?” बिरू म्हणाला.

“तीसच झाले ना.”

“पाच-तीन-दोनला तीसच लागत्यात की. अठ्ठीपासनं वरची समदी, आन् दोन सत्त्या. दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, ती समदी बारकी पानं त्या डब्यात. वरीस झालं, कुनी हात लावला न्हाई.”

त्याने हनुवटीने कोनाड्याकडे खूण केली. तिथं फ्यूजचा एक रिकामा डबा होता. दोन वर्षं मी त्या खोलीत राहत होतो.

हातातल्या दहा पत्त्यांत माझ्याकडे चार चित्रं आली होती. मला कागद लागला नाही. तिसांत बारा चित्रं. दोन पत्त्यांत किमान एक येण्याची शक्यता पासष्ट टक्के. दुर्री-तिर्रींनी भरलेल्या ज्या जोडाच्या भरवशावर मी माणूस वर पाठवायला निघालो होतो, तो जोड त्या चटईवर नव्हताच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

“खरं सांगू?” पत्ते लावता लावता चाचा म्हणाले. “तुम्ही काल चित्राची गोष्ट काढली तेव्हा मला वाटलं, ह्या पोराला पत्ते किती आहेत ते माहीत नाही की काय. मग म्हटलं, गणितवाला माणूस, ह्याला कसं माहीत नसेल. तेव्हा ध्यानात आलं. पोराबाळांच्या माणसाला तुम्ही अलगद सोडवलंत, आणि तेही त्याला ओशाळं न करता.”

बिरू माझ्याकडे बघून मान हलवत होता. मी बोलायला तोंड उघडलं. मग वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी हुकमाची राणी टाकली आणि तो हात जिंकला.

मार्चमध्ये माझी पुण्याला बदली झाली. चाचांनी वर कळवलं होतं, त्यामुळे माझ्या सेवापुस्तकात शाबासकीची नोंद झाली. पुढे ज्या ज्या ऑफिसात गेलो, तिथं कुणीतरी भेटायचंच. “तुम्हीच ते निमकर ना? काशीद सांगत असतो तुमच्याबद्दल.” काशीद सगळ्या जिल्ह्यात ही गोष्ट सांगत फिरत होता. प्रत्येक वेळी मी नम्रपणे हसायचो. त्या हसण्याला लोक मोठेपणा म्हणायचे.

मध्ये सत्तावीस वर्षं गेली. चाचा वारले. काशीदच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली आणि तिच्यासोबत त्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. ‘तुम्ही आलाच पाहिजे. तुमच्याशिवाय पोरगी मांडवात उभी राहणार नाही.’ जानेवारीत, मनोऱ्यानंतर पाच आठवड्यांनी जन्मलेली ही मुलगी. नाव प्रतीक्षा.

अक्षता पडल्यावर मी काशीदला मांडवामागे गाठलं. भट्टीपलीकडे दोन खुर्च्या होत्या. त्याची दाढी आता पांढरी, बारीक कापलेली.

“काशीद, एक सांगायचं आहे,” मी म्हणालो. “मी तुम्हाला वाचवायला चित्र मागितलं नव्हतं. मी बावन्न पत्ते धरले होते. बावन्नात तुम्हीच चढणार, असं मी गणित केलं होतं. मला फसवायचं होतं आणि मी फसलो. एवढंच.”

तो फेट्याचा शेव बोटाला गुंडाळत राहिला.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“तुम्ही कागदावर बावन्न मांडलंत, तेव्हा मी मागंच उभा होतो. खाली चाळीस, एकोणचाळीस असं कायतरी होतं, ते काही मला कळलं नाही. पण बावन्न कळलं. म्हटलं, ह्याला डब्यातले पत्ते ठाऊक नाहीत.” त्याने माझ्याकडे बघितलं. “एवढंच बोलायचं होतं, निमकर, बाकीचे बावीस डब्यात आहेत. चार शब्द. बोललो नाही. म्हटलं, जातोय तर जाऊ दे. माझी शपथ सांभाळली जाईल.”

भट्टीवर कुणीतरी वांग्याची भाजी ढवळत होतं. मला काय वाटलं ते सांगतो. मला राग आला नाही. खूप वेळ एका जागी बसून पायाला मुंग्या याव्यात आणि कुणीतरी उठवावं, तसं झालं.

“मग मागनं का आलात?” मी विचारलं. “पट्टासुद्धा नव्हता.”

“तुम्ही वर अडकलात तेव्हा खाली उभं राहवेना. चाचा म्हणत होते, बघ, तुझ्यासाठी चढलाय तो. ते ऐकून तर राहवेचना. शपथ मोडली ती मोडलीच. पोटातल्या पोराची शपथ होती. नंतर पाच आठवडे मी काय काढलेत ते माझं मला ठाऊक. पोरगी रडली तेव्हा कुठं जीव खाली पडला. खरं कुणाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुमचं नाव गावभर मोठं केलं. वाटलं, तेवढंच फिटेल.”

म्हणजे सत्तावीस वर्षं तो माझी स्तुती करत होता ती यासाठी. आणि मी ती ऐकत होतो.

तेवढ्यात शालनवहिनी नव्या जोडप्याला घेऊन आल्या. प्रतीक्षाच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या, शालूच्या ओझ्याने ती अवघडून चालत होती.

“ह्यांच्या पाया पड,” वहिनी तिला म्हणाल्या. “हे त्या टावरवर चढले, म्हणून तुझ्या बापाची शपथ राहिली. न्हाईतर...”

प्रतीक्षा वाकली. मी काशीदकडे पाहिलं. तो खुर्चीवरून उठला होता.

“शालन,” तो म्हणाला, “मीबी चढलो होतो. ह्यांच्या मागनं. दिवे मीच बदलले. बिनपट्ट्याचा.”

वहिनींची नजर नवऱ्यावरून माझ्यावर आली आणि माझ्यावरून मुलीवर गेली. प्रतीक्षा कुणाकडे बघावं ते न कळून उभी होती. वहिनींनी पुढे होऊन तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि ते आपल्या कानशिलांवर नेऊन कडकडा बोटं मोडली. मग पुन्हा एकदा मोडली.

“पंगत बसलीय,” त्या काशीदकडे न बघता म्हणाल्या. “दोघं एकाच पंगतीला बसा.”